देठाचा गुडघा

डोळे मिटा बरं जरा. मिटलेत? आता असं समजा, की तुमच्यासमोर एक भलामोठा बूट उभा आहे. लोकर कुटून कुटून केलेला, नमद्याचा, गुडघ्यापर्यंत येणारा. नदी गोठते तेव्हा असला बूट घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी दाराबाहेर पाऊल टाकत नाही. पण आत्ता सप्टेंबर आहे, खऱ्या थंडीला अवकाश आहे, तरी बूट गच्च भरलेला आहे. घाला हात आत. घाबरू नका, उंदीर नाही. काय लागलं? गार, गुळगुळीत, गोलसर. एकावर एक, तळापासून काठापर्यंत. टोमॅटो! हिरवेगार, कच्चे टोमॅटो.

सैबेरियातल्या आमच्या मिनुसिन्स्कमध्ये याचं कुणालाच नवल वाटत नाही. आमचा उन्हाळा तापट खरा, पण आखूड. जे टोमॅटो झाडावर पिकत नाहीत ते खाटेखाली, बुटांच्या उबेत पिकतात. दहा वर्षांच्या लुशानं असे बूट जन्मापासून पाहिले होते. तरी त्या दिवशी तिच्या वारलेल्या आजोबांचे दोन जुने बूट टोमॅटोंनी भरलेले पाहिले आणि तिला रडू कोसळलं. का, ते सांगतो. आता डोळे उघडलेत तरी चालेल.

लुशा, तिची आई आणि आजी ग्लाफिरा निकितिच्ना, अशा तिघी गावाच्या कडेच्या एका लाकडी घरात राहायच्या. घरामागे बाग होती. बागेत बटाटे, कोबी, शेपू आणि एक खास वाफा. त्या वाफ्यात आजीच्या आईचा टोमॅटो लावलेला असे. गुलाबी, हृदयाच्या आकाराचा, एकेक फळ दोन्ही हातांत मावेल न मावेल एवढं. कापलं की नुसता गर, बिया शोधाव्या लागायच्या. त्याचं पानसुद्धा निराळं. इतर टोमॅटोंची पानं कातरीनं कापल्यासारखी दातेरी असतात; याची पानं बटाट्याच्या पानांसारखी रुंद, सरळ कडांची. आजीची आई दूर पोल्तावाहून इकडे राहायला आली तेव्हा घागऱ्याच्या काठात शिवून याच्या बिया घेऊन आली होती. आजी त्या एका काड्यापेटीत ठेवायची आणि कुणालाही द्यायची नाही.

कुंपणापलीकडे प्रकोपी सावेलिच राहत. चाळीस वर्षं त्यांनी गावाची घड्याळं दुरुस्त केली होती आणि आता ते टोमॅटो वाढवत. त्यांचे टोमॅटो लहान, लालभडक, आंबटसर, पण जुलै संपायच्या आत पिकून तयार. या दोघांची रोज सकाळी कुंपणावरून जुंपायची.

"काय सावेलिच, बटणं पिकली वाटतं तुमची?" आजी विचारायची. "शर्टाला लावायची की कोटाला?"

"आमची बटणं निदान वेळेवर लागतात, निकितिच्ना. तुमच्या उशा अजून झोपल्यातच का?"

"उशीला झोप लागतेच हो. बटणाला कोण विचारतंय!"

हे असं तीस वर्षं चाललेलं. कुणाच्या मनात काही नव्हतं.

पण गेल्या तीन वर्षांत आजीच्या मनात एक सल घर करून बसला होता. ऑगस्टच्या एकोणीस तारखेला, सफरचंदांच्या सणाला, ती दरवर्षी आपल्या आईच्या थडग्यावर जायची, आणि झाडावर पिकलेला पहिला टोमॅटो तिथे ठेवायची. आई गेल्यापासून कधी चुकलं नव्हतं. आता मात्र तीन वर्षं त्या तारखेपर्यंत एकही फळ पिकलं नव्हतं. पिकायचे ते मागाहून, बुटात. आणि बुटात पिकलेला टोमॅटो आईपुढे कसा ठेवायचा? तिनं काय म्हणावं?

त्या मे महिन्यात रोपं लावताना आजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "हे शेवटचं हं, लुशा. यंदाही नाही पिकले, तर पुढच्या वर्षी या वाफ्यात बटाटे."

"आणि टोमॅटो?"

"टोमॅटो थकला गं. मीही थकले."

लुशानं हातातलं रोप खाली ठेवलं. आजी कशालाच थकले असं म्हणायची नाही. बर्फ काढतानासुद्धा नाही.

त्या दिवसापासून लुशाचं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरायला लागलं. आजीचा टोमॅटो मोठा आणि गोड, पण उशिराचा. सावेलिच आजोबांचा लहान आणि आंबट, पण लवकरचा. दोघांचा मिळून एक करता आला तर? जूनमध्ये एकदा कोबीला पाणी घालता घालता तिनं विचारून पाहिलं.

"आजी, आपल्या टोमॅटोत आणि सावेलिच आजोबांच्या टोमॅटोत मेळ घातला तर गं?"

आजीची झारी हवेतच थांबली. "माझ्या आईच्या टोमॅटोत कुणाचं काही मिसळायचं नाही. तिनं आणला तसाच तो राहील, नाहीतर राहणारच नाही. समजलं?"

समजलं, असं लुशानं मान हलवून सांगितलं. आणि दोन दिवसांनी ती कुंपणाच्या सैल फळीतून पलीकडे गेली.

सावेलिच आजोबांनी तिचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "आजीला विचारलंस का?"

"विचारलं," लुशा म्हणाली. हे खरंच होतं. आजी काय म्हणाली हे त्यांनी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

"मग उद्या दहा वाजता ये. दव सुकलं पाहिजे. आणि हात धुऊन ये."

दुसऱ्या दिवशी आजी बाजारात गेलेली होती. आजोबा घड्याळजीचं भिंग आणि बारीक चिमटा घेऊन कुंपणापाशी आले. कुंपण ओलांडणं काही त्यांच्या गुडघ्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ते पलीकडून सांगत होते आणि लुशा अलीकडे करत होती.

"पूर्ण उमललेलं फूल नको. ते आपलं आपण लग्न लावून मोकळं झालेलं असतं. अर्धवट मिटलेलं बघ, फिकं पिवळं. सापडलं? आता त्याच्या मधोमध एक पिवळी टोपी असते. ती चिमट्यानं एकेक पाकळी सोलल्यासारखी काढायची. हळू! घड्याळाचा काटा काढतेस असं समज."

लुशानं श्वास रोखून धरला. पहिल्या फुलाचा देठच मोडला. दुसऱ्याचं टोपीबरोबर सगळंच निघून आलं. तिला वाटलं, आता रागावतील.

"मी पहिलं घड्याळ उघडलं तेव्हा त्यातलं एक चाक कायमचं हरवलं," आजोबा म्हणाले. "मालक पोस्टमन होता. पुढचा महिनाभर टपाल उशिरा आलं. घे तिसरं."

तिसऱ्या फुलाची टोपी नीट निघाली. आत एक हिरवी काडी तेवढी उरली, टाचणीएवढी. आजोबांनी आपल्या झाडाच्या फुलाला टिचकी मारून काळ्या बटणावर पिवळी धूळ पाडली होती. ते बटण त्यांनी फळीतून पुढे केलं. लुशानं ती हिरवी काडी त्या धुळीत अलगद बुडवली. झालं. एवढंच.

"आता या फुलाचं फळ वेगळं दिसेल?"

"मुळीच नाही. फळ आईसारखंच होणार. नवीन काय ते आतल्या बियांत. बी पेरशील तेव्हा कळेल. म्हणून खूण बांध, नाहीतर हे फळ कुठलं आणि ते कुठलं, देवालाही ओळखता यायचं नाही."

लुशानं आपल्या लाल मोज्यातून धागा ओढून काढला आणि फुलाच्या देठाला बांधला. मग आनंदाच्या भरात म्हणाली, "खूप खूप आभार, आजोबा!"

सावेलिच आजोबांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "अगं, काय केलंस! रोपाचे, बियाचे आभार मानतात का कधी? धरत नाही मग ते! आईनं शिकवलं नाही तुला?" आणि त्यांनी डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू केलं.

लुशा पांढरीफटक पडली. हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असतं. रोप घ्यायचं, मान फिरवायची आणि गुपचूप घरी जायचं. तोंडातून निघून गेलं, काय करणार?

"बघू," आजोबा म्हणाले. "मीही थोडं ऐकलं नाही असं करतो."

फूल धरलं. आठ दिवसांत वाटाण्याएवढी हिरवी गोळी दिसली. लुशा रोज सकाळी पान बाजूला करून लाल धागा पाहायची आणि पान परत जागेवर ठेवायची. आजीची नजर अधू झालेली, आणि झाड पानांनी भरलेलं. तिच्या काही लक्षात आलं नाही.

ऑगस्टची एकोणीस तारीख आली आणि गेली. वाफ्यातला एकही टोमॅटो गुलाबी झाला नव्हता. आजी थडग्यावर बागेतली फुलं घेऊन गेली. परत आल्यावर डोक्याचा रुमाल न सोडताच खुर्चीत बसून राहिली.

मग शाळा सुरू झाली. तिसऱ्याच दिवशी दुपारी रेडिओवर सांगितलं, की आज रात्री जमीन गोठणार. सगळ्या गावानं बादल्या उचलल्या. लुशा शाळेतून आली तेव्हा वाफा रिकामा होता. झाडं मुळांसकट उपटून कोपऱ्यात ढीग घातलेला होता.

ती ढिगावर तुटून पडली. एकेक फांदी उचलली, आणि शेवटी तिला धागा सापडला. लाल, पक्का, देठाला बांधलेला. पण देठाच्या टोकाला काहीच नव्हतं.

धागा फांदीवर, फळ घरात! ती धावत आत गेली, खाटेखाली वाकली. वारलेल्या आजोबांच्या दोन्ही बुटांत हिरवे टोमॅटो, सगळे सारखे, जणू एकाच दिवशी जन्मलेली भावंडं.

तेव्हाच तिला रडू कोसळलं.

"अगं, रडायला काय झालं?" आजी स्वयंपाकघरातून ओरडली. तिथे मोठं पातेलं मांडलं होतं; मीठ, लसूण आणि शेपूचा ढीग. "ये इकडे, लसूण सोल. यंदा मी पिकवत बसत नाही. सगळे हिरवेच खारवून टाकते. एकदाचं संपलं म्हणायचं."

बोलता बोलता तिनं येऊन खाटेखालचा एक बूट स्वयंपाकघरात ओढत नेला. पहिला टोमॅटो पाटावर ठेवला. सुरी उचलली.

"आजी, कापू नकोस!"

आजीचा हात थांबला. मग लुशानं सगळं सांगितलं. फूल, चिमटा, काळं बटण, धागा. आजीनं काय बजावलं होतं आणि तरी तिनं काय केलं, तेही. बोलताना ती टोमॅटोकडेच पाहत होती.

आजीनं सुरी खाली ठेवली, हात पुसले, आणि मागच्या दारानं कुंपणापाशी गेली. लुशा तिच्या मागे.

"सावेलिच! बाहेर या!"

सावेलिच आजोबा हातात सुपाचा चमचा घेऊन बाहेर आले.

"माझ्या आईच्या टोमॅटोला तुमची बटणं लावलीत?"

"अहो, पोरगी म्हणाली, आजीला विचारलंय."

"मी विचारलं होतं," लुशा पुटपुटली. "उत्तर सांगितलं नव्हतं."

आजोबांनी चमचा खिशात घातला. "मग चूक माझी. घड्याळ कुणाचं आहे हे न विचारता मी कधी उघडलं नाही. इथे अर्धंच विचारलं." मग त्यांनी लुशाच्या हातातली फांदी पाहिली. ती त्यांनी भिंग लावून निरखली आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. दुसरीही चूक माझीच. लुशा, हे बघ. टोमॅटोच्या देठाला मध्ये एक गुडघा असतो. दिसतोय? फळ तोडलं की देठ या गुडघ्यात मोडतो. तू धागा बांधलास गुडघ्याच्या अलीकडे, झाडाच्या बाजूला. मग धागा राहणार झाडाकडे आणि फळ जाणार बुटात. हे मी सांगायला हवं होतं."

"म्हणजे मी आभार मानले म्हणून नाही?"

"नाही गं पोरी. गुडघ्यापायी झालं हे."

लुशाचा जीव थोडासा हलका झाला. "आता ते कसं ओळखायचं?"

"एकच उपाय. तुझं फळ मुठीएवढं झालं होतं ना? मग मुठीएवढे सगळे टोमॅटो पिकू द्यायचे. एकेकाचं बी वेगळं काढायचं, वेगळं पेरायचं. तुमच्या झाडाचं पान बटाट्यासारखं, माझ्याचं दातेरी. बटाट्यासारख्या पानाला दातेरी भेटलं, की पोर दातेरी निघतं. ज्या डब्यात दातेरी पान येईल, तो तुझा टोमॅटो." ते आजीकडे वळले. "पण त्यासाठी मार्चमध्ये परत पेरावं लागेल. निकितिच्नांनी तर सोडायचं ठरवलंय म्हणे. तेव्हा खारवा. शेपू जरा जास्त घाला."

"मला शेपू शिकवू नका," आजी म्हणाली. पण गेली नाही. कुंपणाला धरून उभी राहिली. "आईनं आणला तसा मी तो सांभाळला. तीस वर्षं. त्यात एक दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नाही."

"एक विचारू? रागावू नका," आजोबा हळूच म्हणाले. "तुम्ही बी कुठल्या फळाचं धरता?"

"कुठल्या म्हणजे? सगळ्यात मोठ्या. सुंदर, भरलेलं असेल त्याचं."

"आणि तुमची आई?"

"आई..." आजी बोलता बोलता थांबली. "इकडे आली त्या वर्षी एकही पिकला नव्हता म्हणे. पोल्तावाचा उन्हाळा मोठा. दुसऱ्या वर्षी दोन पिकले. तिनं त्या दोन्हींचं बी धरलं. मग दरवर्षी ती वाफ्याभोवती फिरायची आणि जो सगळ्यात आधी पिकेल त्याला चिंधी बांधायची. लहान असो, वाकडा असो. मला राग यायचा. म्हणायचे, आई, एवढे छान मोठे सोडून हा कसला काळतोंड्या निवडतेस?"

वाऱ्यानं शेपूचे उरलेले दांडे हलत होते. लुशाला वाटलं, आजी आता रागावेल. पण आजी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणजे तिनं आणला तसा तो कधी नव्हताच. तिनं त्याला इकडचा केला. आणि मी मोठा मोठा करत परत तिकडे नेऊन सोडला."

सावेलिच आजोबा खिशातून चमचा काढून उगाच पुसत राहिले.

"हे तुम्हाला माहीत होतं?" आजीनं विचारलं.

"शंका होती."

"तीस वर्षं?"

"तुम्ही कुठे बोलू देत होतात? मी तोंड उघडलं की तुम्ही बटणं म्हणायचात."

आजी हसली. आधी नाकातून, मग जोरात. मग लुशाच्या डोक्यावर एक टप्पल मारली, फार हलकी नाही आणि फार जोरातही नाही. "ही आभारवाली, अर्ध्या उत्तराची! चल आत. बूट परत खाटेखाली ठेव. मुठीएवढे वेगळे काढ. आणि पुढच्या वेळी उत्तर पूर्ण सांगायचं."

मुठीएवढे बावीस निघाले. लुशानं एकेकाला कागदात गुंडाळून आकडा लिहिला. ते एकेक करून पिकत गेले. एक आत कुजला, त्याच्याही बिया धुऊन घेतल्या. एके सकाळी लुशाची आई कामावर जायच्या घाईत एक टोमॅटो मीठ लावून उभ्याउभ्या खाऊन मोकळी झाली.

"आई! तेरा नंबर खाल्लास!"

"अगं, एकच तर खाल्ला!"

"तोच असला तर?"

आईचा हात तोंडावर गेला. मग तिनं बशीत सांडलेल्या रसातून बोटानं तीन बिया टिपून काढल्या. त्या तिघींनी भिंगाखाली मोजल्या. तिन्ही नीट होत्या.

वर्तमानपत्रावर बावीस आकडे आणि बावीस ठिपक्यांचे पुंजके वाळत पडले. नऊ नंबरच्या टोमॅटोत तर पाचच बिया निघाल्या. मार्च लागताच घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या कट्ट्यांवर दुधाचे कापलेले डबे आले. पडदे लावता येईनात. आजी दिवसभर कुरकुरायची, "माणसांना ऊन नको, टोमॅटोंना हवं!" आणि रोज सकाळी तीच सगळ्यांच्या आधी उठून डबे फिरवून ठेवायची, रोपं एका बाजूला कलू नयेत म्हणून.

आधी सगळ्यांची सारखीच दोन दोन पानं आली. ती टोमॅटोची ओळख सांगत नाहीत, थांबावं लागतं. मग खरी पानं. एक नंबर, बटाट्यासारखं. दोन नंबर, बटाट्यासारखं. तेरा नंबर, बटाट्यासारखं. लुशाच्या आईनं सुस्कारा सोडला. एकवीस डब्यांत रुंद, सरळ कडांची पानं हलू लागली. नऊ नंबरच्या डब्यात नुसती माती.

लुशानं रोज ती माती पाहिली. नवव्या डब्यावर काच ठेवली, काच काढली, परत ठेवली. सावेलिच आजोबा म्हणाले, हिरवं तोडलेलं फळ, बी जरा अशक्त असणार. आजी म्हणाली, तिला वेळ द्या. ती त्या डब्याला 'ती' म्हणायला लागली होती, हे लुशाच्या लक्षात आलं.

अठराव्या दिवशी मातीतून एक पांढरा आकडा बाहेर आला. एकच. पाच बियांतला एक. बारीक, वाकडा, डोक्यावर बियाचं टरफल अडकलेलं. आजीनं ओल्या बोटानं ते टरफल हळूच काढलं. पुढे आठवडाभरानं तिसरं पान उलगडलं, तेव्हा लुशा शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन दारात उभी होती.

"आजी," ती म्हणाली. आणि बोटानं नववा डबा दाखवला.

आजी आली. चष्मा पुसला. पानाच्या कडेला दाते होते. लहान लहान, कुणी घड्याळाची चाकं कापावीत तसे.

त्या दिवशी आजीनं पिरोग, म्हणजे कोबी भरलेला मोठा पाव, भाजला आणि कुंपणावरून दिला. कशासाठी ते बोलली नाही.

"यंदा यातलं प्रत्येक फळ सारखं येईल," सावेलिच आजोबा पिरोग खाता खाता लुशाला समजावत होते. "लवकर पिकेल, पण मोठं नाही, फार गोडही नाही. त्याच्या बिया पेरल्यास की मग नाना तऱ्हा. त्यातून निवडायचं. पुढच्या वर्षी परत निवडायचं. सहा वर्षं धर."

"सहा," आजी म्हणाली. "मी शहात्तरची होईन."

तिनं हातावरचं पीठ झटकलं.

"होईन तर होईन," आजी म्हणाली. "बटाटे काय, कुठेही लावता येतात."

जूनमध्ये नवव्या रोपाला पहिला घोस आला. ते सावेलिच आजोबांच्या रोपांसारखं उंच आणि घाईचं निघालं होतं. आजीच्या वाफ्यातली बाकीची झाडं अजून कळ्या धरायच्या विचारात होती, फक्त एका झाडावर एकच फूल उमललं होतं. आजी दोन्हींच्या मधे उकिडवी बसली आणि बराच वेळ इकडून तिकडे पाहत राहिली.

"सावेलिच," तिनं हाक मारली, "ही तुमच्यावर जरा जास्तच गेलीय. आमच्या बाजूचं आणखी थोडं घालता येईल का हिच्यात? म्हणजे हिच्या फुलाला माझ्या झाडाची धूळ?"

"येईल की. उत्तमच होईल. फळ मोठं व्हायला मदत होईल." आजोबांनी या वेळी फळी पूर्ण काढली, आणि दोन्ही गुडघे चोळत अलीकडे आले. चिमटा लुशाच्या हातात दिला. भिंग आजीच्या डोळ्याला लावलं. काळं बटण खिशातून काढून आजीच्या तळहातावर ठेवलं.

लुशानं पिवळी टोपी सोलली, पहिल्याच फुलाची, पहिल्याच झटक्यात. आजीनं स्वतःच्या झाडाच्या फुलाला टिचकी मारली. थोडीशी पिवळी धूळ काळ्या बटणावर पडली. बटण कलंडू नये म्हणून आजोबांनी तिचा हात खालून धरला. हिरवी काडी धुळीत बुडली.

आजीनं भिंग काढलं. तिनं सावेलिच आजोबांकडे पाहिलं. तीस वर्षांत तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं. तिचे ओठ हलले, आणि 'आभा' एवढाच आवाज बाहेर आला.

लुशानं झेप घेतली आणि मातीनं माखलेला पंजा आजीच्या तोंडावर दाबला. तो तिनं तिथेच धरून ठेवला. मग दुसऱ्या हातानं, दातांनी गाठ ओढत, लाल धागा फुलाच्या देठाला बांधला. गुडघ्याच्या पलीकडे, फळाच्या बाजूला. दोनदा.